दलालाला हाकला आणि आंबा ऑनलाइन विका

तर यंदा वाशीच्या घाऊक बाजारात दलालाकडे आंब्याची एकही पेटी पाठवायची नाही, थेट गिऱ्हाईकाला विकायचं, असं ठरवलंय म्हणता. झकास. २०१६ सालीच सरकारनं फळं आणि भाज्या बाजार समितीच्या नियमनातून मोकळ्या केल्यात, मग तुम्हीच कशाला अडकून राहताय? आणि दलाल करतो तरी काय, गादीवर बसून नुसतं कमिशन खातो. मोहोर यायच्या आधी फवारणीला उचल देतो, ते सोडा.

पहिलं काम फोटो. आजोबांना धुतलेला सदरा घालून कलमाखाली उभं करा, हातात आंबे काढायचा झेला द्या, गेली दहा वर्षं ते पडवीच्या खाली उतरले नसतील तरी चालतंय. मग पोस्टमध्ये रेट ठळक टाका, म्हणजे खाली लोक निवांत "रेट?" विचारतील.

नंतर येणार "ओरिजिनल देवगड ना?" हा माणूस वर्षानुवर्षं हायवेच्या टेम्पोतून देवगड लिहिलेल्या पेटीत कर्नाटकचा आंबा घेतोय, तिथे तो विचारत नाही, तुम्हाला विचारतो. रागवू नका. त्याला समजावून सांगा की २०१८ साली हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाचच जिल्ह्यांचा आंबा त्या नावानं विकता येतो वगैरे. तो सगळं ऐकून घेईल आणि म्हणेल, आमच्या सोसायटीत एकजण डझनामागे दोनशेनं कमी देतो.

आता खरी मजा. गिऱ्हाईकाला कार्बाइड नको, बरोबरच आहे, त्यावर बंदीच आहे. पण त्याला डाग पण नको, सगळे एका साइजचे हवेत आणि रोज बरोब्बर चारच पिकायला हवेत. "आंबे कच्चे आहेत, पेंढ्यातच ठेवा, फ्रिजमध्ये ठेवू नका" असा छापील कागद पेटीत घाला, त्या कागदावर कोयी ठेवायला बऱ्या पडतात. दुसऱ्या दिवशी मेसेज येईल, "पिकले नाहीत, फसवलंत." सहाव्या दिवशी येईल, "सगळे एकदम पिकले, एवढे खाणार कोण?" दोन्ही मेसेज एकाच नंबरवरून.

साक्याचं तर विचारूच नका. बाहेरून आंबा सोन्यासारखा, कापला की आत पांढरा स्पंज, आणि कापायचं काम गिऱ्हाईकाकडे, पावणेरावळे बसलेले असताना. आंबा झाडावर जास्त तयार झाला, जमिनीची धग लागली, असलं शास्त्र सांगायला जाऊ नका, आमच्याकडे त्याला बहाणा म्हणतात. फारच वाटलं तर रत्ना जातीचा आंबा विकून बघा, कोकण कृषी विद्यापीठानं १९८१ साली हापूस आणि नीलमच्या संकरातून काढलेली जात, तिच्यात साका होत नाही. उत्तर येईल, "हापूस नाही? मग राहू दे."

कॅश ऑन डिलिव्हरी मात्र ठेवाच, त्याशिवाय विश्वास बसत नाही लोकांचा. माझी एक पेटी "गावाला गेलोय" म्हणून परत आली, नवव्या दिवशी, मे महिन्यात. कुरिअरवाल्यानं अंगणात ठेवली तेव्हा खालून थेंब गळत होते, आई म्हणाली आमरस कधीपासून पाठवायला लागलास रे. पैसे काय मिळाले नाहीत पण येण्याजाण्याचं भाडं माझ्याच माथी, आणि वर बॉक्सवर "हाताळताना काळजी घ्या" हा स्टिकर अगदी शाबूत.

हां, आणि मुंबईच्या मावशीला दोन पेट्या पाठवा. पैसे मागू नका, "घरचेच तर आंबे".

एवढं सगळं उरकेपर्यंत मेचा मध्य उलटतो, भाव कोसळतो, उरलेला माल कॅनिंगला किलोवर घालायची पाळी येते. तेवढ्यात वाशीहून फोन येईल, "काय शेठ, यंदा माल नाही दिसला तुमचा?" त्याला ठसक्यात सांगा, ऑनलाइन केलंय सगळं, जोरात चाललंय. मग जरा खाकरून, आवाज बारीक करून विचारा, टेम्पो आपल्या बाजूला कधी येतोय.