पोळपाट कुठे ठेवायचा हे डिझायनरला विचारू नका

पझेशन मिळालं ना? अभिनंदन. आता होम लोनचा हप्ता सुरू झाला, जुन्या घराचं भाडंही चालूच आहे, म्हणजे तुमच्याकडे पैसे नुसते पडून असणार, तेव्हा लगेच इंटिरियर डिझायनर शोधायला लागा. वाकडला मागच्या वर्षी टू बीएचकेचं काम करून घेतलंय, त्यामुळे या विषयात मी अधिकारी माणूस आहे आणि माझा सल्ला स्क्वेअर फुटाच्या रेटने नाही, फुकट आहे.

पहिलं म्हणजे शिक्षणबिक्षण विचारायच्या भानगडीत पडू नका. आर्किटेक्ट म्हणवून घ्यायचं तर त्याला १९७२ चा कायदा आहे, कौन्सिलकडे नोंदणी लागते. इंटिरियर डिझायनर व्हायला कार्ड छापलं की झालं. केवढी सोय! म्हणून तर आपल्या प्रत्येकाच्या नात्यात एक तरी डिझायनर असतोच, आणि शक्यतो तोच घ्या. मावसभावाची बायको असेल तर सोन्याहून पिवळं, कारण घरचंच काम म्हणून एस्टिमेट मागता येत नाही, घरचंच काम म्हणून ती आधी बाहेरची कामं उरकते, आणि तिसऱ्या दिवशी कपाटाचं दार हातात आलं तरी तुम्हाला ब्र काढता येत नाही कारण पुढच्या महिन्यात मावशीकडे मुंज आहे आणि तुम्ही दोघं पंगतीला शेजारी बसणार आहात.

आमच्या नशिबी नातेवाईक नव्हता म्हणून आम्ही थ्रीडी, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेली घराची चित्रं, बघून निवड केली. तुम्हीही तेच करा. आधी केलेलं एखादं घर प्रत्यक्ष बघायला मागणं, तिथल्या बाईला "दोन वर्षांनी ट्रॉल्या कशा आहेत हो" विचारणं वगैरे संशयी लोकांची कामं. थ्रीडीत सगळं कळतं. आमच्या थ्रीडीत ओट्यावर एक पांढरा बाऊल होता, त्यात सात हिरवी सफरचंदं (मी मोजली), बाजूला एक कुंडी, आणि बस. मिक्सर नाही, कुकर नाही, तेलाची किटली नाही, दुधाचं पातेलं नाही, खिडकीबाहेर चक्क समुद्र. आमच्या खऱ्या खिडकीबाहेर बी विंगच्या ड्राय बाल्कनीतले टॉवेल दिसतात पण त्या क्षणी मी आणि बायको दोघंही समुद्राकडेच बघत होतो आणि त्याच धुंदीत पन्नास टक्के ॲडव्हान्स ट्रान्सफर करून मोकळे झालो.

फक्त आईने विचारलं, "अगं पण पोळपाट कुठे ठेवायचा?"

डिझायनर मॅडम गोड हसल्या. "काकू, त्याचं बघू आपण."

आता कोटेशन. ते वाचायचं नसतं, शेवटच्या पानावरचा आकडा बघून "जरा कमी करा की" म्हणायचं, त्या पाच हजार कमी करतात, आपण जिंकतो. आत "१८ एमएम, आयएस ७१०, मरीन" असं काहीतरी लिहिलेलं असतं. हा प्लाय ७२ तास उकळत्या पाण्यात टिकायला हवा म्हणे, पण आपल्याला काय प्लायची आमटी करायचीय? साइटवर आलेल्या शीटवर आयएस ३०३, एमआर ग्रेड असा शिक्का असला, म्हणजे नुसता दमटपणा सोसणारा साधा प्लाय, आणि तुम्ही तो चुकून वाचलातच, तर "सर, हा बेडरूमचा आहे, किचनचा उद्या येतोय" हे उत्तर शांतपणे ऐकून घ्या. उद्या यायच्या आत सुताराने त्यावर सनमायका दाबलेला असतो. सनमायक्याच्या आत काय आहे ते एक देवाला माहीत आणि दुसरं, पहिल्या पावसात फुगून बसलेल्या सिंकखालच्या दाराला.

आणि स्वतः भाव काढायचा आगाऊपणा तर अजिबात करू नका. मी एका शनिवारी भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेलो होतो. दुकानदार फार सज्जन, चहा मागवला, कागदावर प्लायचे आकडे लिहीत होता, लिहितालिहिता सहज विचारलं, "डिझायनर कोण आपले?" मी नाव सांगितलं. त्याने कागद हळूच उलटा केला, त्यावर चहाचा कप ठेवला आणि म्हणाला, "मॅडमशी बोलून घेतो ना मी." चहा मात्र चांगला होता.

मापाचंही तसंच. वॉर्डरोब सात बाय सात म्हणजे ४९ स्क्वेअर फूट, रेट ऐकून तुम्हाला वाटतं अरे स्वस्तच आहे की, मग कळतं की वरचा लॉफ्ट वेगळा, ड्रॉवर वेगळे, बिजागऱ्या साध्या धरल्या होत्या सॉफ्ट क्लोजचे वेगळे, हँडल "तुमच्या चॉइसने" म्हणजे तुमच्या खिशातून, आणि सगळ्यात शेवटी जरा आवाज खाली आणून "बिल लागणारे का सर?", कारण बिलाबरोबर १८ टक्के जीएसटी येतो. बिल घेऊ नका. पुढे भांडायची वेळ आली तर हातात कागद असला की माणूस उगाच भांडत बसतो.

फॉल्स सीलिंगला नाही म्हणायचं नाही. स्लॅब साडेनऊ फुटावर आहे, एवढी उंची कुणाला हवीय, मोकळं मोकळं वाटून माणसाला करमत नाही. जिप्समचं सीलिंग घ्या, त्यात कडेच्या खाचेत लपवलेला कोव्ह लाइट, मग पट्टीसारखा प्रोफाइल लाइट, मग ते दोन्ही लावल्यावर पुस्तक वाचता येत नाही म्हणून परत डाउनलाइट. आमच्या हॉलच्या बोर्डवर चौदा बटणं आहेत. बाबांना रात्री पंखा वाढवायचा असला की हॉलमध्ये आधी दिवाळी होते. शेवटी त्यांनी मलमपट्टीच्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर बॉलपेनने 'पंखा' लिहिलं. अख्ख्या घरात डिझाइन म्हणावं असं तेवढंच आहे.

देवघराला मागून लाइट, कोरीव जाळी, आणि वर बरोबर दीड फुटावर पांढरं फळकूट. समई लावायची असते हे मॅडमना नंतर समजलं. फळकुटावर काजळीचा काळा गोल उमटलाय, आता तो थीमचा भाग आहे असं आम्ही सांगतो.

मुदतीबद्दल टोचून बोलू नका. ४५ दिवस म्हणाले म्हणजे ४५ च, फक्त कुठले ते तुम्ही विचारलं नव्हतं. रविवारी सोसायटी ठोकाठोक करू देत नाही, सुताराच्या गावी राजस्थानात लग्न निघतं, तो गेला की पेंटर म्हणतो सुतार आल्याशिवाय माझं अडलंय, सुतार आला की पेंटर यूपीला. गणपतीतला गृहप्रवेश आम्ही गुढीपाडव्याला केला, तोही बाथरूमच्या दाराला कडी नसताना, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला "आत असाल तर गाणं म्हणा" सांगत.

बरं, पोळपाट. ओट्याखाली चमच्यांची ट्रॉली आहे, तिला काट्या-सुऱ्यांसाठी नऊ कप्पे आहेत, आमच्याकडे काटे तीन. उंची चार इंच. लाटणं तिरकं बसतं. पोळपाटाला पाय असतात, तो ठेवून ट्रॉली ढकलली की बंद होत नाही, आणि सॉफ्ट क्लोज असल्यामुळे ती अतिशय हळुवारपणे, मायेने बंद होत नाही. शेजारी एक उंच जाळी आहे, ती ऑलिव्ह ऑइलच्या बाटल्यांसाठी. सध्या तिच्यात फिनेल असतं. पोळपाट वॉशिंग मशीनवर राहतो, मशीन स्पिनला लागलं की खाली पडतो, आणि आई आतून ओरडते, "बघू म्हणाली होती ना ती!"

सगळं झाल्यावर मॅडम फोटो काढायला आल्या. कॅमेरावाला, लाइटवाला, एक पिशवी. मिक्सर उचलला, औषधांचा डबा उचलला, बाबांची प्लास्टिकची खुर्ची बाल्कनीत गेली, बोर्डवरची 'पंखा' पट्टी नखाने खरवडून काढली, आम्ही चौघं पॅसेजमध्ये उभे, आईच्या काखेत पोळपाट. पिशवीतून पांढरा बाऊल निघाला आणि त्यात सात हिरवी सफरचंदं. प्लास्टिकची.

फोटो मात्र काय आलेत म्हणून सांगू! सोसायटीच्या ग्रुपवर टाकले तर बी विंगच्या, त्या टॉवेलवाल्या काकूंचा लगेच फोन, कुणाकडून केलंत, आम्हालाही किचन करायचंय. मी नंबर लगेच दिला. त्यांच्याकडे गावाहून आणलेला दगडी पाटा-वरवंटा आहे म्हणे.