नासवरचा सातबारा

परवाच्या शनिवारी एका ओळीपायी माझे चार तास गेले. अजून त्यांचा हिशेब लागत नाही.

उद्यमनगरातल्या एका फौंड्रीच्या बिलात जीएसटी एका पैशानं चुकत होता. कोडची एक ओळ बदलायची, घरी जायचं. पण गेल्याच आठवड्यात मालकांना वाटलं, कोड माझ्या लॅपटॉपवर असणं धोक्याचं, तो सगळ्यांच्या सामाईक ड्राइव्हवर पाहिजे. झालं, कोडचं अख्खं दप्तर, म्हणजे रिपॉझिटरी, उचलून नेटवर्कवरच्या डब्यात टाकली. त्या डब्याला आमचा नेटवर्कवाला 'नास' म्हणतो. नावातच सगळं आलं. वेगळा सर्व्हर मागितला की तो खर्च, आणि मालकांची नवी गाडी ती गुंतवणूक. असो.

तिथं जाऊन गिटला, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला, हाक मारली, तर गिट म्हणतो, या फोल्डरची मालकी संशयास्पद आहे.

हे मी मोठ्यानं वाचलं, ही चूक. मागच्या खुर्चीत मालकांचे सासरे बसलेले. पन्हाळा तालुक्यात तलाठी म्हणून हयात गेली. 'मालकी' ऐकल्याबरोबर चहाचा कप खाली ठेवून खुर्ची पुढं ओढली.

"सातबाऱ्यावर नाव कुनाचं हाय?"

"रूटचं, भाऊसाहेब."

"ह्यो कोन रूट? भावकीतला?"

सांगितलं की रूट म्हणजे कॉम्प्युटरचा सर्वाधिकारी; नेटवर्कवाल्यानं ड्राइव्ह रूटच्या नावानं जोडलाय, म्हणून सगळ्या फायली त्याच्या दिसतात. आणि 2022 च्या एप्रिलपासून गिट दुसऱ्याच्या मालकीच्या फोल्डरात पाऊल टाकत नाही, कारण सामाईक जागेत कुणीतरी आपलं गिटचं फोल्डर पेरून ठेवायचं आणि तुमच्या हातून भलतेच हुकूम चालवून घ्यायचे.

"मग शाना हाय की त्यो! बांध रातीतच सरकतोय."

गिटची बाजू घेणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला, तोही माझ्याविरुद्ध. मी ते फोल्डर 'सुरक्षित' म्हणून नोंदवलं आणि बदल बघितले. 1,846 फायली बदललेल्या!

"तू तर एक ओळ म्हनत हुतास."

"एकच बदलली. बाकीच्या आधी 644 होत्या, आता 755 दिसतात."

"कुठल्या गावचे गट नंबर हे?"

"गट नंबर नव्हे, परवानग्या. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा बाकीच्यांचा."

"म्हंजे गट हायच की!"

यावर काय बोलणार? फाइल चालवता येते की नाही, परवानग्यांतली एवढीच गोष्ट गिट लक्षात ठेवतो. नासवर सरसकट सगळ्याच चालवण्याजोग्या दिसतात, म्हणून बोंब. परवानग्या बदलणारा सीएचमॉड मारला. तो गप्प चालला, चूक दाखवली नाही आणि कामही केलं नाही. भाऊसाहेबांना हे मात्र लगेच कळलं. "अर्ज घेतला, पोच दिली, फाइल जाग्यावरच," ते समाधानानं म्हणाले.

शेवटी कोअर.फाइलमोड, म्हणजे परवानग्यांतला बदल मोजायची गिटची सेटिंग, बंद करायला गेलो, तर लिहायचीच परवानगी नाही. नेटवर्कवाल्याला फोन लावला. तो लग्नाच्या पंगतीत होता. तांबड्याचा भुरका मारत म्हणाला, "सुडो लाव की भावा, लई इचार करू नगं." हा माणूस महिन्याला माझ्यापेक्षा जास्त घेतो.

लावला सुडो, म्हणजे रूटच्या अधिकारानं हुकूम सोडला. फाइलमोड बंद झाला, 1,845 फायली निमूट जागेवर गेल्या, माझी एक ओळ उरली. तीही सुडोनंच कमिट केली, म्हणजे गिटच्या नोंदीत चढवली. रात्रीचे साडेनऊ.

भाऊसाहेब चष्मा सावरून पडद्याशी वाकले. "करणाऱ्याचं नाव?"

बघितलं. लेखक : रूट.

"तू कसलंस, आनि पीक त्याच्या नावावर," ते म्हणाले. "सोमवारी फेरफाराचा अर्ज दे. हरकतीला पंधरा दिवस."

सोमवारी मालकांनी कमिटची यादी बघितली आणि विचारलं, शनिवारी तू काय करत होतास?