लायनर बदलले म्हणजे ब्रेक दुरुस्त झाला, हे कुणी सांगितलं?

‘लायनर संपलेत साहेब. नवीन टाकूया, विषय संपला.’

गॅरेजमध्ये हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. विषय संपत नाही हो, तिथून सुरू होतो! मागच्या डाव्या चाकाचे लायनर, म्हणजे ब्रेकच्या शूवरचे झिजणारे थर, लोखंडापर्यंत घासलेत, उजव्या चाकाचे जवळजवळ नव्यासारखे आहेत, हे समोर दिसतंय. तरी तुम्ही नवीन सेटचा बॉक्स फोडता, शू बसवता, ड्रम लेथवर फिरवून आणता आणि बिल हातात देता. एकच बाजू का घासली, हे विचारायला गॅरेजमध्ये एक माणूस नाही?

माझ्या गाडीला मागे ड्रम ब्रेक आहेत: चाकाबरोबर फिरणारा लोखंडी ड्रम, आणि ब्रेक दाबला की त्याला आतून घासणारे दोन शू. पहिल्यांदा शू बदलले तेव्हा जुने बघायला मागितले, तर ‘स्क्रॅपमध्ये गेले’. पावसाळा सरेपर्यंत डावं चाक पुन्हा करकरायला लागलं. कोल्हापुरातल्या कावळा नाक्याच्या सिग्नलला थांबलं की जळका वास काचेतून आत यायचा, आणि घरी येऊन डाव्या रिमला हात लावला तर चटका. परत गेलो. त्यावर उत्तर काय मिळावं? ‘साहेब, तुम्ही हँडब्रेक वढून गाडी चालवत असणार.’

इथं माझा संताप झाला. हँडब्रेकचा एकच दांडा दोन्ही चाकांच्या केबली ओढतो. मी हँडब्रेक लावून गाडी हाणली असती तर दोन्ही बाजू घासल्या असत्या. एकच कशी घासेल? एवढा साधा विचार न करता गिऱ्हाइकाच्या माथी मारून मोकळं व्हायचं. आणि नवीन सेट परत टाकलाच, पैसेही घेतले.

आता ज्यांच्या गाडीला हेच होतंय त्यांच्यासाठी लिहितो, कारण गॅरेजवाले सांगत नाहीत. एकाच ड्रममधले दोन शू सारखे घासत नाहीत, ते ठीक आहे. चाक पुढं फिरताना पुढच्या बाजूचा शू ड्रमबरोबर आपोआप ओढला जाऊन त्यावर आवळतो, जास्त जोर लावतो, म्हणून बहुतेक गाड्यांत तो आधी संपतो. त्यात बिघाड नाही. पण डावं चाक आणि उजवं चाक यांच्यात मोठा फरक पडला, तर नक्की काहीतरी अडकलंय. आणि ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढं जातं, मुख्य काम पुढचे ब्रेक करतात. मागचे लायनर खूप टिकायला पाहिजेत. ते पुढच्या ब्रेकच्या पॅडच्या आधी, आणि एकाच बाजूला संपतात, तेव्हा तरी मिस्त्रीच्या डोक्यात घंटा वाजायला नको?

शोधायला लागतं तरी काय? पुढच्या चाकांना दगड लावा, मागची दोन्ही चाकं वर घ्या, खाली नीट आधार द्या, हँडब्रेक सोडा आणि हातानं चाक फिरवा. एक मोकळं फिरतं, दुसरं जड. आता जड बाजूची हँडब्रेक केबल ढिली करा. चाक सुटलं तर दोष केबलीत. नाही सुटलं तर त्या चाकाचं ब्लीडर निपल (ब्रेक ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू) थोडं उघडा. थोडं ऑइल बाहेर आलं आणि चाक सुटलं, म्हणजे पाइपात प्रेशर अडकून राहतंय. रबरी होज आतून फुगलेला असतो, ऑइल जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. तरीही जडच राहिलं तर मग ड्रमच्या आत बघा: शू बाहेर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचा पिस्टन जाम, शू मागं ओढणारी रिटर्न स्प्रिंग ढिली, नाहीतर ड्रममागच्या बॅकिंग प्लेटवर शू टेकतो तिथं खाच पडलेली. हे करायला स्कॅनर लागत नाही, कॉम्प्युटर लागत नाही. जॅक, पाना आणि थोडी इच्छा लागते. ती इच्छाच नाही.

त्यात आणखी एक गोष्ट कुणी बघतच नाही. घासलेली बाजूच आजारी असते असं नाही. कधी कधी न घासलेलं चाक कामच करत नसतं. त्याचा अ‍ॅडजस्टर (शू झिजतील तसे ते ड्रमजवळ आणणारा स्क्रू) गंजून बसलेला असतो, नाहीतर पिस्टन हलत नसतो, आणि सगळा भार दुसऱ्यावर येतो. म्हणून दोन्ही ड्रम उघडून शेजारी शेजारी बघायचे असतात. आमच्याकडे एक उघडतात, घासलेलं बघतात, ‘हे बघा’ म्हणतात. दुसऱ्या ड्रममध्ये फक्त शू टाकायचे म्हणून हात घालतात, तिथं काय हलतंय काय नाही, बघत नाहीत. पुष्कळ गाड्यांत डाव्या-उजव्या अ‍ॅडजस्टरचे आटे उलटे असतात. काढताना ते एका ताटलीत एकत्र टाकले आणि अदलाबदल झाली, की घट्ट होण्याऐवजी ब्रेक ढिला होत जातो. मग पेडल खाली जातं, मग हँडब्रेकचा दांडा वर वर येतो, आणि मग मिस्त्री काय करतो? केबल ताणतो! ताणलेल्या केबलीनं शू पूर्ण मागं जातच नाहीत, आणि अ‍ॅडजस्टरचं काम आणखी बंद पडतं. आधी आतलं अ‍ॅडजस्टमेंट, केबल सगळ्यात शेवटी, हा क्रम आहे. तो उलटा करून लोकांच्या गाड्या बिघडवायच्या आणि वर लेबर घ्यायचं.

मागे डिस्क असलेल्यांनीही निवांत राहू नये. एका चाकातला एक पॅड पातळ आणि दुसरा जाड, म्हणजे कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) स्लाइड पिना, ज्यांवर तो सरकतो, त्या सुकल्यात किंवा पिस्टन मागं सरकत नाही. पॅड टाकताना पिना काढून, पुसून, ग्रीस लावायला किती वेळ लागतो? ते न करता नवीन पॅड कोंबतात.

राग येतो तो कोल्हापुरात हे घडतं म्हणून जास्त येतो. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव. इथल्या फाउंड्र्यांत गाड्यांचं कास्टिंग ओतलं जातं. इथल्या टर्नरला ड्रमचा अंडाकारपणा बोटानं कळतो. लोखंडाची जाण असलेल्या या गावात रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये मात्र ‘पार्ट टाका’ एवढंच उरलंय. आणि पाण्याचं म्हणाल तर आम्हाला कुणी शिकवायला नको. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात किती गाड्या दिवसेंदिवस पाण्यात उभ्या होत्या, ते सगळ्यांनी बघितलंय. पाणी आणि गाळ केबलच्या म्यानात शिरल्यावर काय होतं, हे इथल्या मिस्त्रीला माहीत नसेल तर कुणाला असणार?

हा फक्त पैशाचा प्रश्न असता तर इतका चिडलो नसतो. मी याच गाडीतून घरच्यांना घेऊन गगनबावड्यावरून करूळ घाट उतरतो. सतत घासणारं चाक म्हणजे सतत तापणारा ड्रम. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ४ दर्जाचं कोरडं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी मुरलेलं १५५ च्या आसपाससुद्धा उकळू शकतं. उकळलं की पाइपात वाफ, आणि पेडल तळाला. वळणावर. ओल्या रस्त्यावर. त्या वेळी ‘विषय संपला’ म्हणणारा माणूस शेजारी बसलेला नसतो.

शेवटी मी दुसऱ्या गॅरेजमध्ये गेलो आणि तिथून हललोच नाही. म्हटलं, माझ्यासमोर दोन्ही चाकं उचला. डावं चाक अर्ध्या फेरीत अडलं. केबल ढिली केली, सुटलं. ड्रम काढला तर आतून निळसर डाग पडलेले, कडेला उंच ओठ आलेला. केबल बाहेर काढली: चाकाजवळ म्यान चिरलेलं, त्यातून तांबूस गंजाचा चिखल गळत होता, आणि आतली तार पकडीनं ओढली तर ओढली जात होती पण परत जात नव्हती. तो पोरगा म्हणाला, ‘आरं, ही तर कवाच गेलीय की.’ कवाच! म्हणजे पहिल्या वेळीही गेलेलीच होती, आणि दोनदा ड्रम उघडून, तीच केबल हातानं काढून-लावूनसुद्धा कुणाला दिसली नाही.

नवीन केबल पडली. पन्हाळ्याला जाऊन आलो, दोन्ही मागच्या रिमना हात लावला, दोन्ही सारख्याच कोमट. केबलीचा खर्च लायनरच्या एका सेटपेक्षाही कमी आला. आधीच्या दोन सेटचे, ड्रम टर्निंगचे आणि लेबरचे पैसे मी त्या पहिल्या गॅरेजवाल्याकडे परत मागितलेत. त्याच्या पुढ्यात ती गंजलेली केबल ठेवून मागितलेत, टेबलावर, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर. ‘बघतो साहेब’ म्हणालाय. बघू दे. सोमवारी परत जाणार आहे.