पाचशे क्युरेटरांची यादी आणि पहिल्या पानाचे आश्वासन

जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला राहणारी माझी भाची केळीचे वेफर्स आणि उडदाचे पापड घरी तयार करून विकते. त्यासाठी तिने स्वतःचे संकेतस्थळही सुरू केले आहे. मागच्या महिन्यात तिने मला एक संदेश पाठवला आणि खाली विचारले, "मामा, हे खरं आहे का? मी तर पैसे भरून बसले." संदेशात म्हटले होते की, कंटेंट क्युरेटर म्हणजे दुसऱ्यांच्या लिंका वाटणारे लोक, अशा ५०० जणांची यादी १,४९९ रुपयांत मिळेल, सगळ्यांना एकच मेल पाठवा, थोडे पैसे द्या आणि बॅकलिंक, म्हणजे त्यांच्या पानावरून तुमच्या संकेतस्थळाकडे येणारी लिंक, घ्या, गुगलला काही कळत नाही, जितक्या लिंका जास्त तितके संकेतस्थळ वर, आणि ३० दिवसांत गुगलच्या शोधनिकालांच्या पहिल्या पानावर. पुढे हाच मजकूर जळगावच्या व्यापाऱ्यांच्या दोन गटांतही आला. म्हणून त्यातील एकेक दावा तपासणे भाग पडले.

क्युरेटर लिंका वाटत नाही, तो निवड करतो. एखाद्या विषयावरचे शेकडो लेख वाचून त्यातले चार-पाच वेचायचे, ते का वाचावेत हे दोन ओळींत सांगायचे आणि दर आठवड्याला आपल्या वाचकांपुढे ठेवायचे, हे त्याचे काम. त्याच्या शब्दाला किंमत असते ती या निवडीमुळेच, आणि जो कोणाचीही लिंक घेतो त्याच्याकडे निवड उरलेली नसते.

भाचीने विकत घेतलेली यादी मी उघडून पाहिली. नाव, ई-मेल आणि विषय असे तीन रकाने होते. पहिल्या ४० पत्त्यांवर तिने पाठवलेल्या मेलपैकी ११ परत आले होते. ज्या ओळीत विषय 'खाद्यपदार्थ' लिहिला होता, तिथे मोटारीच्या टायरांचे पान उघडले. तिचे वेफर्स जिथे झळकले, त्या पानावर कर्ज, घड्याळे आणि वजन घटवण्याची औषधे यांच्या मिळून ३१२ लिंका एकाखाली एक लावलेल्या होत्या. 'जितक्या लिंका तितके वर' हा दावा इथेच कोसळतो. गुगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पेजरँकच्या, म्हणजे लिंकांवरून पानाचे महत्त्व मोजण्याच्या पद्धतीच्या, मूळ सूत्रातच लिंक देणाऱ्या पानाचे वजन त्यावरील सर्व लिंकांत वाटले जाते. मुळात ज्या पानाला वजन नाही, त्याच्या तीनशेहून अधिक वाट्यांपैकी एक वाटा मिळून काय होणार?

सर्वांत घातक वाक्य मात्र 'पैसे द्या, गुगलला काही कळत नाही' हे आहे, आणि याच वाक्याचा मला सर्वाधिक संताप आहे. गुगलचे स्पॅमविषयक धोरण सर्वांना वाचायला खुले आहे. क्रमवारी वाढवण्यासाठी पैसे देऊन लिंक घेणे, लिंकेच्या बदल्यात वस्तू पाठवणे, 'तू माझी लावलीस तर मी तुझी लावतो' असा अतिरेकी व्यवहार करणे, आपोआप लिंका तयार करणारी साधने वापरणे, या सर्व गोष्टी त्यात नावानिशी निषिद्ध ठरवल्या आहेत. संदेशाने भाचीला शिकवलेली वेफर्सची मोफत पाकिटे पाठवण्याची युक्तीही त्यातच येते. पैसे देऊन जाहिरात करण्यास मनाई नाही, पण त्या लिंकेवर, ती क्रमवारीसाठी धरू नये असे गुगलला सांगणारी 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' ही खूण हवी, आणि ती खूण लावल्यावर विक्रेता सांगतो तो लाभ उरत नाही. अशा लिंकांवर नेमका घाव घालणारा 'पेंग्विन' हा क्रमवारीच्या पद्धतीतला बदल गुगलने एप्रिल २०१२ मध्येच आणला. आज अशा बहुतेक लिंका नुसत्या दुर्लक्षिल्या जातात, म्हणजे १,४९९ रुपये पाण्यात. आणि प्रकरण गंभीर असेल तर माणसाकडून तपासणी होऊन कारवाई होते, जिची नोंद सर्च कन्सोल या, संकेतस्थळाच्या मालकांसाठी असलेल्या गुगलच्या साधनात दिसते. घरी पापड लाटून संसाराला हातभार लावणाऱ्या बाईला ही जोखीम न सांगता यादी विकणे ही सरळ फसवणूक आहे.

तीस दिवसांच्या हमीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. गुगल स्वतःच सांगते की पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. चांगल्या क्युरेटरने आपणहून दिलेली लिंक खरोखर उपयोगी असते. पण तिथवर जाण्याचा रस्ता यादीतून जात नाही. आपल्यासारख्याच विषयावरच्या चांगल्या पानांना कोणी लिंक दिली आहे ते शोधावे, त्या व्यक्तीचे मागचे काही अंक वाचावेत, ते अंक वेबवर उघडतात की फक्त मेलने जातात हे पाहावे, कारण केवळ मेलमधली लिंक गुगलच्या नजरेस पडत नाही. आणि मग त्या एकाच माणसाला त्याच्या वाचकांना काय उपयोग होईल हे सांगणारे पत्र लिहावे. त्याआधी लिंक देण्याजोगे पान हवे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण कपाशीच्या काड्यांवर वांगे भाजून लाकडी बडगीत ठेचण्याची रीत स्वतःच्या छायाचित्रांसह नीट सांगणारी पाने मराठीत किती आहेत? भाचीच्या सासूबाईंना ती रीत हातची येते. ते पान आता तयार होत आहे.

दरम्यान, जिथे तिने पैसे भरले त्या तीन संकेतस्थळांना लिंक काढण्याबद्दल किंवा 'स्पॉन्सर्ड' खूण लावण्याबद्दल आम्ही पत्रे लिहिली. दोघांनी लिंक काढली. तिसऱ्याने काढण्यासाठी आणखी ५०० रुपये मागितले आहेत, आणि ते द्यायचे नाहीत असे मी तिला बजावले आहे.