सर्कल महाराष्ट्राचं, रेंज सत्तरीची

जुलै २०२४मध्ये खासगी मोबाइल कंपन्यांनी पाठोपाठ रिचार्ज महाग केले, तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच वाद अधूनमधून पेट घेतो. गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या वाळपईकडचे मामा म्हणतात, ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, झोपलीय, सरकारने दर बांधून द्यावेत. पणजीतला चुलतभाऊ म्हणतो, इतका स्वस्त डेटा जगात कुठे मिळतो? मग दोघेही माझ्याकडे वळतात: ‘तुमच्या अमेरिकेत कसं असतं, सांग.’

न्यू जर्सीत माझं एका महिन्याचं बिल मामांच्या वर्षभराच्या रिचार्जहून जास्त येतं. तेव्हा दरांसाठी अमेरिकेचा दाखला नकोच. द्यायचाच तर तिथल्या १९९६च्या दूरसंचार कायद्याचा द्यावा. १९८४ साली तिथली मक्तेदार फोन कंपनी एटी अँड टी फोडल्यावर घराघरात पोचलेली फोनची तार सात प्रादेशिक कंपन्यांकडे गेली, पण लांब पल्ल्याच्या कॉलचा धंदा त्यांना बंद होता. कलम २७१ने त्यांना सुनावलं: तो धंदा हवा ना, मग आधी तुमचं स्थानिक जाळं प्रतिस्पर्ध्यांना खुलं करा. १४ अटी, आणि प्रत्येक राज्यासाठी वेगळा अर्ज. सुरुवातीचे अर्ज एफसीसीने, म्हणजे तिथल्या ट्रायने, फेटाळले. पहिली मंजुरी डिसेंबर १९९९मध्ये त्या सातांपैकी बेल अटलांटिकला, तीही फक्त न्यूयॉर्कपुरती. काही महिन्यांतच प्रतिस्पर्ध्यांच्या ऑर्डरी तिच्या यंत्रणेत गहाळ होऊ लागल्या, तर मार्च २०००मध्ये तिला ३० लाख डॉलर सरकारी तिजोरीत भरावे लागले, शिवाय प्रतिस्पर्ध्यांची भरपाई वेगळी.

यात दर बांधण्याची भाषा फारशी नाही. गिऱ्हाइकाला खरोखर दुसरीकडे जाता येतं का, एवढंच पाहिलं, आणि तेही राज्याराज्यात जाऊन.

आपल्याकडेही हे भांडण झालंय. २०१६मध्ये जिओचे कॉल जुन्या कंपन्यांकडे लागेनात, तेव्हा जोडणी अडवल्याबद्दल ट्रायने तीन कंपन्यांना मिळून ३,०५० कोटींच्या दंडाची शिफारस केली होती. म्हणजे ट्राय झोपलेली नाही. ती बघते मात्र फार उंचावरून. गोव्याला स्वतःचं सर्कलच, म्हणजे मोबाइल परवान्याचा विभागच, नाही. आपले आकडे ‘महाराष्ट्र’ सर्कलमध्ये जमा होतात, आणि तिथे स्पर्धा झकास दिसते. मामांच्या घरात एकाच कंपनीची रेंज येते. दुसरं सिम बँकेच्या ओटीपीपुरतं, आणि तो हवा असला की मामा रेंजसाठी देवळाकडच्या चढावर जातात. नंबर पोर्ट करण्याची सोय २०११पासून आहे, पण पोर्ट करून जायचं कुठे? (टॉवर नको म्हणून ग्रामसभेत हात वर करणारेही आपणच, हे सोडा.)

चुलतभाऊ म्हणेल, अमेरिकेत तरी काय उरलं? बरोबर. २००५मध्ये प्रादेशिक कंपन्यांपैकीच एका, एसबीसीने, एटी अँड टी विकत घेतली. पण ती चूक विलीनीकरणाला होकार देण्याची. अटींची यादी चुकीची नव्हती.

जानेवारी २०२५मध्ये केंद्राने सरकारी निधीतून उभ्या राहिलेल्या फोर-जी टॉवरवर कंपन्यांनी एकमेकांच्या ग्राहकांना रेंज देण्याची सोय सुरू केली. तीच सक्ती सत्तरी, सांगे, काणकोणातल्या खासगी टॉवरवर आणा, आणि आकडे तालुकावार छापा. दरवाढीवर रात्र जागवण्यापेक्षा मामांनी आमदाराकडे हे मागावं.