तुम्ही टेबलावर हात का आपटत नाही?

काल रात्रीपासून डोकं फिरलंय. एका अर्जावर सही घ्यायला क्लायंट काकूंकडे गेलो, म्हटलं दोन मिनिटांचं काम, तर नेमका मालिकेचा महाएपिसोड. काकू म्हणाल्या, "बसा वकीलसाहेब, शिका जरा काहीतरी."

शिका!

मालिका सुडाची. नायिकेला दिराने दरीत ढकललेलं, ती नवा चेहरा घेऊन त्याच घरात परत आलीये (सासूला ओळखू येत नाही, मंगळसूत्र तेच असूनही) आणि आता खुनाचा खटला तिच्यावरच. जजसाहेब निकाल वाचणार तेवढ्यात दार धाडकन उघडतं, मागून धूर, आणि धुरातून कोण तर ती म्हातारी मोलकरीण, जिला दिराने गोदामात जाळलं होतं. हातात पेनड्राइव्ह. त्यात दीर स्वच्छ आवाजात स्वतःचे सगळे गुन्हे क्रमाने सांगतोय. हातोडा आपटला, नायिका सुटली, दिराला जागच्या जागी बेड्या.

मला राहवलं नाही. म्हटलं, "काकू, असं नसतं. साक्षीदारांची यादी आधी द्यावी लागते. आणि पेनड्राइव्हला सर्टिफिकेट लागतं, म्हणजे त्यातलं रेकॉर्डिंग कुठून, कसं घेतलं याचा लेखी दाखला. जालन्याच्या 2014 च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज उशिरा घेतला म्हणून व्हिडिओ दाखवले, तर त्याच्या सर्टिफिकेटचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, निकाल यायला 2020 उजाडलं, तोवर पुढची निवडणूक होऊन गेली होती."

"तुमच्यासारखाच वकील दिला असेल," काकू टीव्हीवरून नजर न काढता म्हणाल्या.

मग ब्रेक लागला आणि काकू पूर्ण वळल्या. "एक विचारू? तुम्ही टेबलावर हात का आपटत नाही? मी बघते ना, पुकारा झाला की उठता, सर, पुढची तारीख द्या म्हणता, की बसता. ती वकीलबाई बघा, कसं बोट रोखलं!"

"काकू, आपला दावा गॅलरीच्या पत्र्याचा आहे."

"मग? पत्र्यावर बोट रोखता येत नाही?"

यावर कायद्यात उत्तर नाही.

"आणि साक्षीदार माझ्याकडेही आहे," आवाज खाली आणत काकू म्हणाल्या. "आमचा दूधवाला. शेजाऱ्याने पत्रा ठोकला तेव्हा तो जिन्यातच होता. त्याला सांगून ठेवलंय, कोर्टात लिफ्टपाशी उभा राहा, मी खोकले की आत शिर."

"अहो, मी कितीदा विचारलं, कुणी बघितलंय का! यादीत नाव घातलं असतं ना!"

"आधीच सांगितलं तर मजा काय राहिली?"

आतून काका ओरडले, "तो गीतेवर हात ठेवायला तयार आहे, मी विचारलंय!" म्हटलं, काका, कोर्टात गीता नसते, 1969 च्या शपथ कायद्याप्रमाणे नुसती तोंडी शपथ. "मग लोक खरं कशाला बोलतील?" काका म्हणाले. हा मुद्दा रोज कोर्टात बसून मलाही पटलेला आहे, पण तसं बोललो नाही. हातोडाही आपल्याकडच्या कोर्टात नसतो म्हटल्यावर तर काकूंनी असं बघितलं की तो मीच गहाण टाकलाय.

नियमाने एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तारखा द्यायच्या नाहीत. हसू नका, दिवाणी प्रक्रिया संहितेत खरंच लिहिलंय. प्रत्यक्षात सकाळी अकरापासून ताटकळायचं, पुकारा चारला, समोरचे वकील दुसऱ्या कोर्टात, आणि दोन्ही बाजू एकदाच्या तयार झाल्या की जजसाहेबांची बदली, नवे साहेब फाइल पहिल्या पानापासून वाचणार. यातलं माझ्या हातात काय आहे? पण शिव्या मला, कारण चॅनेलवाले ब्रेक धरून तासाभरात न्याय देतात, आणि "सर्व पात्रे काल्पनिक" ही पाटी इतक्या बारीक अक्षरात की काकूंना चष्मा लावूनही दिसत नाही. त्या लेखकाला एकदा आमच्या कॉरिडॉरमध्ये दिवसभर उभं केलं पाहिजे, बाकी सूड नको.

निघताना मागच्या फीचं हळूच काढलं. काकू म्हणाल्या, "लागू दे की निकाल. त्या वकीलबाईने कुठे मागितली?"