निसर्ग वादळात गेलेल्या वाड्या
निसर्ग चक्रीवादळाने कोकणात केलेल्या नुकसानीवरच्या तुमच्या लेखात उडालेली छपरं, पडलेले विजेचे खांब सगळं आलं, पण वाड्यांचं, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागांचं, नुकसान दोन ओळींत उरकलंय. ३ जून २०२० ला रायगडच्या श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात ताशी १०० किलोमीटरहून जास्त वेगाने वारा घुसला आणि पोफळी (सुपारीची झाडं) मधूनच मोडल्या, नारळाचे माड मुळासकट आडवे झाले. घर वर्षभरात उभं राहतं. नवी पोफळ लावून सुपारी धरायला सहा-सात वर्षं तरी जातात, तोवर खायचं काय? सुरुवातीला मदत जाहीर झाली हेक्टरी ५० हजार. अहो, इथे वाडी गुंठ्यात मोजतात, आणि हेक्टरात साधारण शंभर गुंठे! दहा गुंठेवाल्याच्या हाती पाच हजार. पडलेली झाडं तोडून बाहेर काढायची मजुरीही त्यात सुटत नाही. भरपाई झाडामागे ठरवा आणि नवं झाड धरेपर्यंतची वर्षं त्यात मोजा, ही मागणी कोकणातल्या प्रत्येक ग्रामसभेने लावून धरायला हवी.